मागचं डावं दार

बाबांनी नवी ब्यूक पुढून पाहिलीच नाही.
सरळ मागे गेले, डाव्या बाजूला.
दार उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं.

एकतीस वर्षं, फ्लिंटमध्ये, दुसऱ्या पाळीत
व्हर्लन टॅकेट यांनी मागचं डावं दार बसवलं.
पुढचं नाही. उजवं तर नाहीच.
लग्नाला, मयताला, चर्चच्या आवारात
गाडी कुणाचीही असो, हात तिथेच जायचा
आणि आई म्हणायची, व्हर्लन, आज सुटी आहे.

अठ्ठ्याऐंशीची लसेबर अजून गॅरेजपुढे उभी आहे.
रंग एके काळी चेरीचा.
चाकांवरचा पत्रा रस्त्यावरच्या मिठाने खाल्लाय,
त्या भोकातून मांजर आत-बाहेर करतं.
छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागलं
तेव्हा आईने ते शिवणाच्या रंगीत टाचण्यांनी वर टोचलं.
टाचण्या आहेत.

ती माझ्या पदवीच्या दिवशी बंद पडली.
मोठीला कळा सुरू झाल्या त्या रात्री, हायवेवर, बंद पडली.
दर वेळी बाबा बॉनेट उघडून
घरच्या माणसाची बाजू घ्यावी तसे म्हणायचे,
थंडी फार आहे.
आणि जूनमध्ये, उकाडा फार आहे.

शेजारच्या ओडेल पेटवेंचीही ब्यूकच, त्याच शेडमधून निघालेली.
ते कुंपणावरून ओरडायचे,
टॅकेट, माझ्या दारात तुमच्यातल्या कुणीतरी बाटली सोडलीय!
वळणावर खुळखुळते. वीस वर्षं झाली.
कुठलं दार, असं आईनेच विचारलं होतं एकदा.
मागचं, डावं.
सगळे हसले. बाबा जरा उशिरा हसले.

कारखान्याच्या आवारात एकाने मेव्हण्याची टोयोटा लावली होती,
संध्याकाळी चारही चाकं जमिनीला टेकलेली.
कुणी केलं ते बाबांना ठाऊक नव्हतं.
आम्हाला तरी तसंच सांगितलं.
आता तिथे गवत आहे, आणि जाळीचं कुंपण,
आत काही नाही, तरी कुंपण.

माझ्या गाडीचा बिल्ला तोच, तीन ढालींचा.
पण काचेखालच्या नंबराचं पहिलं अक्षर एल.
एक असेल तर इथली, एल असेल तर चीनमधली,
हे मला बाबांनीच शिकवलं होतं, दहा वर्षांची असताना.
म्हणून मी त्यावर पार्किंगची पावती ठेवली होती.
बाबांनी दारातून हात लांब करून
पावती बोटाने बाजूला सारली,
वाचलं, आणि पावती पुन्हा होती तिथे ठेवली.

मला भांडण हवं होतं, खरं तर.
उत्तरं तयार होती माझी: हप्ता, मायलेज,
उणे वीसमध्ये पहिल्या किल्लीला सुरू होते, किल्लीही नाही, बटण.
ते काही विचारेचनात.
दार लावलं.
कान काचेजवळ नेऊन पुन्हा लावलं.
आवाज असा, की जाड पुस्तक कुणी मिटावं.

चांगलं बसवलंय, म्हणाले.
इतक्या रागाने मी त्यांना कधी कौतुक करताना पाहिलं नव्हतं.

मग म्हणाले, माणसाने बसवलं असेल का?
मी म्हटलं, बहुधा यंत्राने.
हं.
यंत्राला तहान लागत नाही.

बर्फ भुरभुरायला लागलं होतं.
बाबा टोपी काढून डोकं खाजवत राहिले,
लसेबरकडे पाहिलं, मग कुंपणाकडे.
शुक्रवार होता, म्हणाले.
पाळी सुटायला अकरा मिनिटं, आणि फोरमन माझ्याकडेच चालत येत होता.
सोड्याचीच होती गं.

आणि पुढे ये म्हटलं तरी न येता
मागे, डावीकडे, बसले.
सीट गरम होते हे त्यांना कळलं तेव्हा दचकले.
चल, म्हणाले,
ओडेलकडे घे.
शेजारीच तर आहे, बाबा.
माहीत आहे. गाडीने घे.